पूर्वपक्षाची जागा

चैत्र सरता सरता आमच्या घरी दोन गोष्टी बरोबरच येत: कोकणातून आंब्याच्या पेट्या आणि परीक्षेच्या कचेरीतून उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. एकाच झाडाचे आणि एकाच अढीत पिकलेले आंबेसुद्धा रंगाने, वासाने आणि देठाजवळच्या चिकाच्या डागाने एकमेकांहून थोडेफार निराळे निघत. परंतु निरनिराळ्या तालुक्यांतील, निरनिराळ्या घरांतील आणि निरनिराळ्या स्वभावाच्या मुलामुलींनी लिहिलेले निबंध मात्र एकाच हाताने एकाच दुपारी उतरून काढल्यासारखे असत, आणि हा चमत्कार वर्षानुवर्षे पाहून मला त्याचे आश्चर्य वाटेनासे झाले होते. एका वर्षी प्रश्नपत्रिकेत असा विषय होता की, जत्रेत नवसाचा म्हणून जो पशुबळी दिला जातो तो बंद व्हावा, हे आपल्या गावकऱ्यांना पटेल अशा रीतीने लिहा. बहुतेक सर्व निबंधांचा आरंभ आपला देश संतांचा आहे या वाक्याने झाला होता. मध्ये मुक्या प्राण्यांनाही जीव असतो, विज्ञानयुगात अंधश्रद्धेला स्थान नाही आणि दगडाचा देव बोकड खात नाही, असे तीन मुद्दे तीन परिच्छेदांत बसविले होते. आणि शेवट, चला तर मग, आज आपण सारे शपथ घेऊ या, अशा हाकेने झाला होता. यांपैकी पुष्कळांच्या घरी त्या महिन्यात किंवा पुढच्या महिन्यात जत्रेचे मटण शिजणार होते, आणि ते त्यांनी आवडीने खाल्लेही असेल. पण शपथ घेऊन झाली होती, आणि तिचा गुण आदर्श उत्तरपत्रिकेत राखून ठेवलेला होता.

त्या गठ्ठ्यात एक उत्तरपत्रिका अशी निघाली की, तिच्यात संतांचा देशही नव्हता आणि शपथही नव्हती. लिहिणारी मुलगी होती. तिने आरंभीच सांगून टाकले होते की, गावकऱ्यांचे राहू द्या, मला पटवायचे आहे ते माझ्या आजीला. तिचे वडील मागे फार आजारी पडले तेव्हा आजीने देवीला बोकड बोलला होता. वडील उठले, आणि बोकड दोन वर्षे देणे राहिला होता. आजीचे म्हणणे नातीने आजीच्याच बोलीत उतरविले होते: सावकाराचं बुडवलं तर तो दारात येऊन बसतो, देवीचं बुडवलं तर ती कुठं येऊन बसंल? या प्रश्नावर नातीपाशी उत्तर नव्हते, आणि नसल्याचे तिने लपविलेही नव्हते. तिने एवढेच लिहिले होते की, देणे तर फेडलेच पाहिजे, परंतु बोकडाऐवजी कोहळा चालेल काय हे आपण देवीलाच कौल लावून विचारू, असे मी आजीला म्हटले आहे. आजी अजून हो म्हणालेली नाही. निबंध तेथेच संपला होता. उपसंहाराची जागा कोरी होती.

हा प्रसंग मी शिक्षणपद्धतीवर टीका करण्याच्या हेतूने सांगत नाही, कारण तशी टीका करण्याचाही एक साचा आता तयार झालेला आहे, आणि मलाही तो पाठ आहे. मला जो प्रश्न तेव्हापासून छळीत आला आहे तो अधिक खोलचा आहे. दुसऱ्याचे मन वळविण्याची विद्या ठराविक साच्यांतून शिकविता येते काय. आणि येत असेल, तर अशा रीतीने शिकलेल्या माणसाच्या बोलण्याचा सत्याशी काही संबंध उरतो काय, की त्याची प्रत्येक खात्री ही उसनवार आणलेली आणि म्हणून थोडीशी खोटी असते?

साच्याची निंदा करणे सोपे असते, आणि ती बहुधा साचा पचवून मोकळी झालेली माणसेच करतात. रूपावली घोकल्याशिवाय कोणी संस्कृत शिकला नाही, पलटे घोटल्याशिवाय कोणी गवई झाला नाही, आणि कित्ता गिरविल्याशिवाय ज्याचे अक्षर वळणदार झाले असा कारकून पेशव्यांच्या फडातही सापडला नसता. हेमाडपंतांच्या नावावर चालत आलेल्या मेस्तकांत पत्र कोणाला कोणत्या मायन्याने लिहावे याचा तपशील असे: वडिलांस तीर्थरूप, धाकट्यास चिरंजीव, बरोबरीच्या गृहस्थास राजमान्य राजेश्री, आणि अखेरीस लोभ असावा ही विनंती. आज आपल्याला हा केवळ शिष्टाचाराचा पसारा वाटतो. परंतु बोरू शाईत बुडविण्यापूर्वी आपण कोण, समोरचा कोण आणि आपल्या दोघांमधले नाते कोणते, हे ठरविल्यावाचून पत्राची पहिली ओळच लिहिता येऊ नये, अशी तजवीज त्या मायन्याने करून ठेवली होती, ही गोष्ट लक्षात घेतली म्हणजे त्या पसाऱ्याचे मर्म कळते. नारदीय कीर्तनाचेही तसेच आहे. पूर्वरंगात बुवांनी एखादे पद घेऊन सिद्धांताचे निरूपण करावे, श्रोत्याच्या मनात जी शंका यायची ती आपणच उपस्थित करून तिचे निरसन करावे, आणि उत्तररंगात तोच सिद्धांत आख्यानाच्या रूपाने डोळ्यांपुढे उभा करावा, हा शिरस्ता प्रत्येक शिकाऊ कीर्तनकार आपल्या गुरूच्या बाडावरून उतरून घेतो. आणि तरीही एका बुवांच्या कीर्तनात श्रोता डुलक्या घेतो व दुसऱ्यांच्या कीर्तनात डोळे पुसतो. साचा दोघांचा एकच असतो. तेव्हा दोष असलाच तर तो साचा असण्यात नाही, साच्यात काय आहे आणि काय नाही यात तो शोधला पाहिजे.

ग्रीक आणि रोमन जगातील शिक्षकांनीही या विद्येचे पाठ बांधून दिले होते. चौथ्या शतकातील अ‍ॅफ्थोनियसच्या पुस्तकात असे १४ पाठ आहेत. कथेपासून आरंभ करून विद्यार्थ्याने क्रमाक्रमाने सुभाषिताचा विस्तार, स्तुती, निंदा, तुलना, दुसऱ्याच्या तोंडचे भाषण आणि अखेरीस कायद्याचे समर्थन किंवा विरोध येथपर्यंत चढत जावयाचे असते, आणि वाटेत एखाद्या कथेचे खंडन करून दाखविणे व मंडन करून दाखविणे हेही त्याला करावे लागते. या साऱ्या विद्येविषयी तिच्या जन्मभूमीतच संशयही होता. प्लेटोने ‘गॉर्गियस’ या संवादात वक्तृत्वाला पाककौशल्याच्या पंक्तीला बसविले, म्हणजे जे औषधाप्रमाणे हित करीत नाही आणि केवळ जिभेला सुखविते अशा कौशल्याच्या; आणि स्वतः वक्तृत्वाची शाळा चालविणाऱ्या आयसॉक्रेटिसने, अक्षरओळख शिकवावी त्याप्रमाणे ठराविक नियमांनी भाषण रचण्याची कला शिकविता येते असे मानणाऱ्या आपल्या समव्यावसायिकांविषयी नवल व्यक्त केले. दोघांचे आक्षेप निराळे आहेत. एकाचे म्हणणे, ही विद्या सत्याची नाही. दुसऱ्याचे म्हणणे, ती साच्याची नाही. परंतु सत्य आणि साचा यांचा सांधा कोठे जुळतो, याचा उलगडा मला अधिक स्पष्टपणे झाला तो आपल्याच न्यायशास्त्रात.

पाठशाळेत तर्काला आरंभ करणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती पहिल्याने पडते ते अन्नंभट्टाचे ‘तर्कसंग्रह’ हे चिमुकले पुस्तक. त्यात अनुमानाचे दोन प्रकार सांगितले आहेत: स्वार्थ आणि परार्थ. दूरच्या डोंगरावर धूर पाहून तेथे विस्तव असला पाहिजे असे जे मी मनाशी ओळखतो ते स्वार्थानुमान. त्याला वाक्यांची गरज नसते, क्रमाची नसते, आणि बोलण्याची तर मुळीच नसते. परंतु तीच गोष्ट शेजारी उभ्या असलेल्या माणसाला पटवून द्यावयाची झाली म्हणजे पाच अवयवांचे वाक्य लागते. डोंगरावर विस्तव आहे, ही प्रतिज्ञा. कारण तेथे धूर आहे, हा हेतू. जेथे धूर तेथे विस्तव, जसा स्वयंपाकघरात, हे उदाहरण. हा डोंगर तशाच धुराने युक्त आहे, हा उपनय. म्हणून येथे विस्तव आहे, हे निगमन. हा साचाच आहे, आणि तोही जगातील अत्यंत जुन्या व अत्यंत काटेकोर साच्यांपैकी एक. मीमांसकांनी तीन अवयव पुरेत म्हटले, बौद्ध तार्किकांनीही काटछाट केली, आणि उलट दहा अवयव मानणाऱ्यांचाही एक पक्ष होता असे वात्स्यायन सांगतो; त्या पक्षाने जिज्ञासा आणि संशय यांनाही वाक्याचे अवयव ठरविले होते. संख्येचा वाद सोडून दिला तरी त्यातील मूळ विचार अबाधित राहतो. साच्याची गरज ‘पर’ आहे म्हणून उत्पन्न होते. मला एकट्याला तो नको आहे. तो त्याच्यासाठी आहे, ज्याने अद्याप धूर पाहिलेला नाही किंवा जो त्याला धुके म्हणतो.

यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, परार्थानुमान हे स्वार्थानुमानाच्या पाठोपाठ यावयाचे असते. ज्याने स्वतः विस्तव ओळखला नाही त्याने पाच वाक्ये कितीही शुद्ध म्हटली तरी तो पोपटच राहतो. ‘प्रतिज्ञा’ हा शब्द मराठीत दोन अर्थांनी वापरला जातो, एक सिद्ध करावयाचे विधान आणि दुसरा व्रत किंवा आण; आणि हे दोन अर्थ एकाच शब्दात नांदतात यात मला मोठे औचित्य दिसते, कारण एखादे विधान मांडणे म्हणजे त्याच्यामागे उभे राहण्याची हमी देणे होय. त्या गठ्ठ्यातील मुलांनी जी शपथ घेतली होती ती या अर्थाने प्रतिज्ञा नव्हती; विधान प्रश्नपत्रिकेने दिले होते, हमी मार्गदर्शक पुस्तकाने दिली होती, आणि मुलाचे म्हणून जे काही होते ते फक्त अक्षर.

दुसरी गोष्ट अशी की, या साच्यात ‘पर’ हा केवळ ऐकणारा म्हणून बसलेला नसतो, तो साच्याच्या घडणीतच शिरलेला असतो. उदाहरण म्हणजे दृष्टांत, आणि दृष्टांत कोणता, तर न्यायसूत्रांच्या व्याख्येप्रमाणे ज्याच्याविषयी लौकिक माणूस आणि परीक्षक या दोघांची बुद्धी एकसारखी असते तो. स्वयंपाकघर घेतले ते एवढ्यासाठी की, चुलीतला धूर वादी आणि प्रतिवादी या दोघांनीही पाहिलेला असतो. ज्या घरात आजीचे मन नवसाच्या देण्याने जड झाले आहे त्या घरात विज्ञानयुग हा दृष्टांत होऊ शकत नाही. तेथे दृष्टांत एकच, सावकाराचे देणे, आणि तो आजीनेच पुरविलेला होता. नातीने तोच उचलला. यावर कोणी म्हणेल की, देवीला देणे असते ही आजीची समजूतच तिने मान्य करून टाकली, मग पटविले काय? परंतु नैयायिकांनी सिद्धांताचे जे चार प्रकार मानले आहेत त्यांतील चौथ्याचे नाव अभ्युपगम असे आहे, आणि समोरच्याचे म्हणणे पारखून न घेता क्षणभर मान्य करून त्याच्या आतील तपशिलाची परीक्षा करणे, हा त्याचा अर्थ. देणे आहे हे मान्य. आता ते कोणत्या नाण्यात फेडावयाचे ते धनकोलाच विचारू. एका शाळकरी मुलीने न्यायशास्त्राचे पान न उघडता अभ्युपगम सिद्धांताचा उपयोग केला होता, आणि माझ्या हातातील आदर्श उत्तरपत्रिकेत त्याला रकाना नव्हता.

मीमांसकांचा साचा याहूनही स्पष्ट आहे. त्यांच्या अधिकरणात आधी विषय मांडावयाचा, मग त्याविषयीचा संशय सांगावयाचा, मग पूर्वपक्ष, आणि त्यानंतरच सिद्धांत. आणि पूर्वोत्तर भागांशी त्याची संगती लावावयाची. संशय आणि पूर्वपक्ष यांना घरात राखीव खोल्या दिलेल्या असल्यामुळे त्या रिकाम्या ठेवून कोणाला सिद्धांताच्या माडीवर चढता येत नसे. शंकराचार्यांच्या शारीरभाष्यात सांख्यांचा पूर्वपक्ष अशा बळाने मांडलेला आहे की, नवखा वाचक काही पानांपुरता सांख्य होऊन जातो. या शिरस्त्याचे एक विलक्षण फळ भारतीय विचाराच्या इतिहासात दिसते. लोकायतांचे, म्हणजे चार्वाकांचे, मूळ सूत्रग्रंथ आज उपलब्ध नाहीत. वेद, परलोक आणि आत्मा यांना नाकारणाऱ्या त्या पंथाचे जे काही ज्ञान आपल्याला आहे ते बव्हंशी त्याच्या विरोधकांच्या पूर्वपक्षांतून आलेले आहे. चौदाव्या शतकातील माधवाचार्यांनी ‘सर्वदर्शनसंग्रह’ लिहिला तेव्हा पहिले दर्शन घेतले ते चार्वाकांचे. ज्यांना चार्वाक खोडून काढावयाचा होता त्यांनीच त्याला जतन केले, आणि तेही औदार्याने नव्हे. त्यांच्या लेखनाच्या साच्यात विरोधकासाठी जागा होती आणि ती भरल्यावाचून ग्रंथ पुरा होत नव्हता, म्हणून. पूर्वपक्ष कित्येकदा पातळ करून, विडंबून, मातीचा मल्ल उभा करून मांडला गेला हेही खरे आहे, आणि चार्वाकांच्या वाट्याला हा अन्याय आला नसेल असे कोण म्हणेल? तथापि मातीचा का होईना, मल्ल आखाड्यात उभा राहिला, म्हणून तर तो मातीचा आहे हे आपण आज ओळखू शकतो.

ज्या साच्यात ही जागाच नव्हती त्याचे उदाहरण चीनने घालून दिलेले आहे. मिंग आणि चिंग या राजवटींत सरकारी अधिकारी निवडण्याच्या परीक्षांत उमेदवारांना अष्टपाद निबंध लिहावा लागे. विषय कन्फ्यूशियन परंपरेतील चार ग्रंथांमधून दिलेला असे, त्याचा अर्थ चू शी या टीकाकाराने लावला तोच ग्राह्य धरला जाई, निबंधाचे भाग आणि त्यांतील समांतर वाक्यांच्या जोड्या ठरलेल्या असत, आणि उमेदवाराने आपल्या तोंडाने न बोलता प्राचीन ऋषींच्या तोंडाने बोलावे अशी अपेक्षा असे. अनेक पिढ्यांतील तल्लख मुलांनी आपले तारुण्य या आठ पायांच्या घोड्याला खरारा करण्यात घालविले, आणि १९०५ साली ती परीक्षाच बंद झाली. या निबंधाला आठ पाय होते म्हणून तो निर्जीव झाला असे पुष्कळ लोक म्हणतात. मला तसे वाटत नाही. आमच्या न्यायवाक्याला पाच पाय आहेत आणि दहाही असू शकले असते. ऋषी एकदा स्वतःच बोलू लागले म्हणजे त्यांच्याशी वाद कोण घालणार? ज्या निबंधात संशय नाही आणि प्रतिवादी नाही त्याला पाय किती आहेत याने काय फरक पडतो?

याच्या उलट टोकाला अलीकडचा एक अमेरिकन प्रयत्न दिसतो. जेराल्ड ग्राफ आणि कॅथी बर्केनस्टाइन या शिकागोतील दोन अध्यापकांनी २००६ साली ‘दे से / आय से’ या नावाचे, म्हणजे ‘ते म्हणतात, मी म्हणतो’ अशा अर्थाचे, एक पुस्तक महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी प्रसिद्ध केले, आणि त्यात गाळलेल्या जागा भराव्यात तशी तयार वाक्ये दिली: अमुक विषयात सामान्यतः असे मानले जाते की अमुक, परंतु माझे म्हणणे अमुक, यावर कोणी असा आक्षेप घेईल की अमुक, तो मला या मर्यादेपर्यंत मान्य आहे. विद्यार्थ्यांना ठोकळे वाटून त्यांची बुद्धी बोथट केली जात आहे, असा आक्षेप त्यावर घेतला गेला, आणि तो अगदीच निराधार आहे असे मी म्हणणार नाही. परंतु पुस्तकाच्या नावातच ‘ते’ आधी आणि ‘मी’ नंतर आलेला आहे, याकडे माझे लक्ष गेल्यावाचून राहिले नाही. आणि आमच्या मीमांसकाला हे पुस्तक दाखविले असते तर त्याने ते चाळून, यात नवे काय, असे म्हणून बाजूला ठेवले असते, अशी माझी समजूत आहे.

आमच्याकडे मात्र मधल्या काळात काहीतरी हरवले. गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात ज्यांनी मराठी माणसाचे मन ढवळून काढले त्यांची लेखने पाहावीत: लोकहितवादींनी १८४८ पासून ‘प्रभाकरा’त आपले विचार मांडले ते पत्रांच्या साच्यात, जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली ती आपण आणि धोंडिबा यांच्या सवालजबाबांच्या साच्यात, ताराबाई शिंद्यांनी १८८२ साली स्त्रियांवरील आरोपांना उत्तर दिले ते, शीर्षकातच सांगितल्याप्रमाणे, तुलनेच्या साच्यात. पत्राला वाचणारा लागतो, संवादाला विचारणारा लागतो, आणि तुलनेला तर प्रतिपक्षाचा प्रत्येक आरोप एकेक करून उचलून तागडीत घालावा लागतो. १८५७ च्या आरंभी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि ख्रिस्ती मिशनरी यांच्यामध्ये जे वाद चालले त्यांत तर पूर्वपक्ष हाडामांसाचा समोर उभा होता, आणि ऐकायला गर्दी जमत होती. त्यानंतर निबंध हा परीक्षेचा विषय झाला, परीक्षा हजारोंची आणि पुढे लाखोंची झाली, तपासणाऱ्याला एका बैठकीत पन्नास वह्या उरकाव्या लागू लागल्या, आणि जे मोजता येत नाही ते साच्यातून गळत गेले. प्रस्तावना मोजता येते, मुद्दे मोजता येतात, उपसंहार आहे की नाही हे दुरूनही दिसते. पूर्वपक्ष प्रामाणिक आहे की नाही, हे मोजावयाचे कसे?

वक्तृत्वस्पर्धांत मात्र दुसरी बाजू असते, असे कोणी म्हणेल. तेथे चिठ्ठी काढून एकाला अनुकूल आणि एकाला प्रतिकूल बाजू दिली जाते, आणि मुले ती त्वेषाने मांडतात. न्यायशास्त्राने या चर्चेलाही नाव देऊन ठेवले आहे. सत्य कळावे म्हणून जी चर्चा चालते तो वाद. जिंकावे म्हणून, प्रसंगी छलाचा आश्रय करूनही, जी चालते तो जल्प. आणि स्वतःचा पक्षच न मांडता केवळ दुसऱ्याचा उखडण्यासाठी जी चालते ती वितंडा. सूत्रकारांनी जल्पाला आणि वितंडेला सरसकट त्याज्य ठरविलेले नाही. कोवळ्या अंकुरांभोवती काटेरी फांद्यांचे कुंपण घालतात त्याप्रमाणे सत्याच्या निश्चयाचे रक्षण करण्यापुरता त्यांचा उपयोग आहे, असे त्यांनी म्हटले आहे. मुलांना कुंपण घालायला शिकविले तर माझी हरकत नाही. परंतु शेतात काही पेरलेलेच नसेल तर त्या कुंपणाचे हशील काय? वादात उतरणारा माणूस आपणही कदाचित पटविले जाऊ, ही जोखीम पत्करूनच उतरतो; आणि ज्याने ही जोखीम पत्करलेली नाही, त्याला दुसऱ्याने आपले म्हणणे पटवून घ्यावे असे म्हणण्याचा अधिकार तरी कोठून येतो? मन वळविण्याच्या विद्येचा जो धर्म आहे तो माझ्या मते एवढाच आहे. त्या मुलीच्या निबंधाचा शेवट कोरा राहिला याचे कारण तिला उपसंहार लिहिता येत नव्हता हे नसून, आजीचे उत्तर अजून यावयाचे होते आणि तिच्या वतीने आपणच हो म्हणून टाकणे तिला लबाडीचे वाटले, हे होते.

मला ठाऊक आहे की, उद्या पूर्वपक्षाला दोन गुण ठेवले तर परवा बाजारातील पुस्तकांत तयार पूर्वपक्ष छापून येतील, आणि आजीसुद्धा साच्यातली येईल. साच्याला साच्याने पुरते जिंकता येत नाही. म्हणून शिक्षकांपाशी माझी एक साधी मागणी आहे: मुलाने ज्या मताच्या विरुद्ध लिहावयाचे ठरविले असेल त्या मताचा एक तरी माणूस, घरातला, गल्लीतला किंवा गावातला, त्याने शोधून काढावा, त्याचे म्हणणे आधी लिहावे, ते त्याला वाचून दाखवावे, आणि, होय, मला हेच म्हणावयाचे आहे, असे तो माणूस म्हणेपर्यंत स्वतःच्या प्रतिज्ञेचे पहिले अक्षरही लिहू नये. या रुजवातीला साचा म्हणावयाचे असेल तर खुशाल म्हणावे. प्रश्नपत्रिका काढणारांपाशी आणि नियामकांपाशी दुसरी मागणी अशी की, एखाद्या मुलाने उपसंहार कोरा ठेवला असेल तर तो का ठेवला, हे पाहण्याइतका वेळ परीक्षकाला मिळावा.

मला तो मिळाला नव्हता, किंवा मी तो काढला नाही. आदर्श उत्तरपत्रिकेत उपसंहाराचे दोन गुण होते, मुद्द्यांचे प्रत्येकी एक होते, आणि त्या रकान्यांना धरून मी त्या मुलीला दहापैकी चार गुण दिले. नियामकांनी ते कायम केले.